न मोजलेले लोण

अर्जदार : केवळराम वल्द फागूजी, धंदा अर्जनवीस, बसण्याची जागा तहसील कचेरीच्या आवारातील कडुनिंबाखाली, उत्तरेकडील बाजूस.

गैरअर्जदार : मनिराम वल्द तुळाराम, आमच्या गावच्या आट्यापाट्यांच्या संघाचा म्होरक्या, हल्ली मुक्काम मुर्री.

साक्षीदार : सगनबाई, अर्जदाराची आत्या, मयत. पंच जमादारसाहेब, मयत असावेत. सुकलू, जंगलात लाकडाचे कूप तोडणाऱ्या गोंडाचा मुलगा, ठावठिकाणा माहीत नाही. शिवाय मंडईच्या जत्रेला जमलेले समस्त गाव.

तारीख : नक्की सांगता येत नाही. हलका धान कापून झाला होता, भारी धान उभा होता आणि आमच्या गावची मंडई होती. इंग्रज जाऊन फार वर्षे झालेली नव्हती.

तक्रारीचा विषय : एक लोण, जे अर्जदाराने धावून आणले व जे मोजण्यात आले नाही.

वाचकांनी या मांडणीला हसू नये. माझे शिक्षण पाचवीच्या वर्षात अर्ध्यावर राहिले, आणि त्यानंतर जे काही शिकलो ते दुसऱ्यांच्या तक्रारी लिहिता लिहिता शिकलो. त्यामुळे स्वतःच्या बालपणाविषयी लिहायला बसलो तरी लेखणी आधी अर्जदार आणि गैरअर्जदार विचारते. माझ्या मसुद्यात वकील मंडळीसुद्धा सहसा फेरफार करीत नाहीत, हे या आवारात कोणालाही विचारून खात्री करून घेता येईल. इतरांची गाऱ्हाणी मी आजवर योग्य त्या शब्दांत योग्य त्या ठिकाणी पोहोचवली. स्वतःचे मात्र एकच होते, आणि ते कोणत्या कचेरीत दाखल करावे हे मला कळले नाही. म्हणून ते या प्रकरणात दाखल करीत आहे.

माझ्या आधीची माझी तीन भावंडे पाळण्यातच गेली. मी जगलो, पण माझ्या जन्मानंतर आई फार दिवस राहिली नाही. वडील गोंदियात धानाच्या गिरणीत हमाल होते. गिरणीच्या कोंड्यात रांगते मूल कोण सांभाळणार? म्हणून त्यांनी मला कामठ्याच्या पलीकडल्या एका लहान गावी, आपल्या बहिणीच्या घरी आणून ठेवले. आत्याबाईला मूलबाळ नव्हते. झाले होते, राहिले नव्हते. फुफाजी, म्हणजे तिचे यजमान, दुसऱ्याच्या धानाच्या बांध्या ठेक्याने करीत आणि घरी आल्यावर बैलांशी जितके बोलत तितके माणसांशी बोलत नसत. त्या घरात रागावणारे कोणी नव्हते, मारणारे तर नव्हतेच, आणि तरी मला आठवते ती त्या घराची शांतता. पहाटे आत्याबाई ढेकीवर धान कांडू लागे. पायाने दाबलेले ते लाकूड वर जाई, क्षणभर थांबे आणि उखळात आदळे. त्या थांबण्याच्या क्षणात मी अंथरुणात श्वास धरून पडलेला असे. वारा पश्चिमेचा असला तर गोंदियाच्या रेल्वेची शिटी छपराच्या कवेलूंवरून येई, आणि आत्याबाई न चुकता म्हणे, "तुहा बाबूजी उठला असन आता." वडील कधी बाजारच्या गाडीबरोबर येत, माझ्या हातावर मुरमुऱ्यांचा लाडू ठेवीत, मला चांगले निरखून पाहत आणि दिवस मावळायच्या आत परत जात. त्यांनी मला उचलून घेतल्याचे मला आठवत नाही. कदाचित घेतलेही असेल. या बाबीवर मी आग्रह धरीत नाही.

खाण्यापिण्याची आबाळ नव्हती. सकाळी मीठ घातलेली पेज, दुपारी भात आणि लाखोरीच्या डाळीचे वरण, पावसाळ्यात कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या. आत्याबाई मला आपल्या ताटाच्या समोर बसवी आणि माझा शेवटचा घास होईपर्यंत स्वतः पहिला घेत नसे. कोणी आपल्या घासांकडे इतक्या काळजीने पाहत असले, की जेवण हे जेवण न राहता परीक्षा होऊन बसते.

या काळजीचे मूळ नवसात होते. आईने जाण्यापूर्वी देवीला नवस बोलला होता, की हे लेकरू जगू दे, मोठे झाल्यावर तुझ्या दारी बकरा देईन, गावजेवण घालीन. तो नवस फेडला जाईपर्यंत माझ्या संबंधात मरणाचा उच्चार कोणी करू नये, असा आत्याबाईचा दंडक होता. मी झोपलो तर "मेल्यासारखा झोपला" म्हणायचे नाही, उपाशी असलो तर "भुकेने मरतो" म्हणायचे नाही. एकदा फुफाजींच्या तोंडून थंडीसंबंधी असे काही निसटले, तर तिने त्यांना दुपारपर्यंत वाढले नाही. नवस फेडायचा तो वडिलांनी, आणि वडिलांना गिरणीतून सुटी कधी मिळेल ते गिरणीच जाणे.

आता खेळाविषयी. आमच्याकडे हलका धान निघाला, की गावाजवळच्या दोन-तीन बांध्या मोकळ्या होत. त्यांतली धसकटे पायाने मोडून, कुदळीने रेघा ओढून आणि त्या रेघांत चुलीतली राख भरून पोरे आट्यापाट्यांचे मैदान आखीत. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आडव्या नऊ पाट्या, आणि त्यांना मधोमध छेदणारी एक लांब सूरपाटी. एका पक्षाचे गडी पाट्या धरून उभे राहतात, दुसऱ्या पक्षाच्या गड्यांनी हुलकावण्या देत एकेक पाटी ओलांडायची, शेवटपर्यंत जायचे आणि वळून परत यायचे. पाटीवरच्याने शिवले तर गडी मेला, बाजूला जाऊन बसला. न शिवता परत आला तर त्याने "लोण!" म्हणून आरोळी ठोकायची. त्या आरोळीसाठी आमच्या गावची पोरे दिवसभर गुरांमागे असली तरी संध्याकाळी नव्या दमाने धावत.

मी पहिल्या संध्याकाळी मैदानावर गेलो आणि अजून माझी बाजूही ठरली नव्हती, तोच आत्याबाई हातातले सूप घेऊनच बांधावर आली. मनिराम हा पोरांचा म्होरक्या. अंगाने दांडगा, आवाजाने त्याहून दांडगा. तिने त्यालाच गाठले.

"का गा मनिराम, तुमच्या या खेळात पोट्टे मरतेत म्हणे?"

"शिवलं का मेला, आत्याबाई. मंग दुसऱ्या डावात जित्ता होते."

"माहा केवळराम मराचा नाही. डावात बी नाही. कोनी शिवलं ना त्याले, त पाह्य, त्याची माय अन् मी."

"शिवाचं नाही त खेळाचं कसं वो?"

"ते तू पाह्य. पोट्टा नवसाचा हाय."

मनिरामने क्षणभर विचार केला आणि निकाल दिला, "बरं. कच्चा लिंबू." पोरे हसली. आत्याबाईने समाधानाने सूप बगलेत मारले आणि ती निघून गेली.

कच्चा लिंबू म्हणजे काय ते मराठी मुलखात समजावून सांगावे लागत नाही. प्रत्येक गावात, प्रत्येक खेळात एखादे लहान पोर असते, ज्याचे जिंकणे-हरणे हिशेबात धरीत नाहीत. पण ते पोर वर्षा-दोन वर्षांत पक्के होते. मी झालो नाही. माझ्याहून लहान पोरे आली, कच्ची म्हणून खेळली, पक्की झाली आणि मला शिवायचे नाही हा नियम माझ्याकडून शिकून मोकळी झाली. मी पाट्या ओलांडून जाई. पाटीवरचा गडी मला वाट देई, बरेचदा माझ्याकडे न पाहताच, कारण त्याचे डोळे माझ्यामागून येणाऱ्या खऱ्या गड्यावर असत. मी परत येई, "लोण" म्हणे, आणि तो शब्द बांधीतल्या चिमण्यांसाठी म्हटल्यासारखा होई. आमच्या गावात ज्यांना शिवायचे नाही अशी दुसऱ्या वस्तीची मुलेही होती. ती तळ्याच्या पलीकडे निराळी खेळत. त्यांच्या न शिवण्याशी माझ्या न शिवण्याची तुलना करण्याचा मला काही अधिकार नाही, हे मी जाणतो. मी फक्त माझ्यापुरते सांगतो आहे.

मला सर्वांत हेवा वाटे तो मेलेल्या गड्यांचा. ते बांधावर ओळीने बसत. एकमेकांच्या अंगावर रेलत, एकमेकांची चेष्टा करीत, कोणी आणलेले शिंगाडे दातांनी सोलीत. "तू त बैलावानी आला बे समोर!" "अन् तू? तुले त म्हातारीनं बी शिवलं असतं!" डाव संपेपर्यंत त्यांची ती पंगत चाले. मी मरत नसल्यामुळे त्या ओळीत मला जागा नव्हती. सगळा डाव मी एकटा उभा असे. एकदा सुकलू पाटीवर होता. मी समोर येताच त्याने हात उगारला, खरोखर शिवणार असा आणला, आणि माझ्या खांद्याजवळ थांबवून हसला. त्याच्या तळव्याचा वारा मला लागला. त्या दिवशी घरी जाऊन मी दोन वेळा भात मागून घेतला, आणि आत्याबाईने ते सर्व देवीच्या खात्यावर टाकले.

हे लिहीत असताना डोक्यावरून बिरसीच्या विमानतळावरचे एक शिकाऊ विमान तिसऱ्यांदा घरघरत गेले. वैमानिकीच्या शाळेतली पोरे उतरतात, चाके टेकवतात न टेकवतात तोच पुन्हा वर उठतात. माझे अशील वर पाहतात. मी पाहत नाही.

आमच्या गावची मंडई म्हणजे वर्षातला मोठा दिवस. लेकी-जावई येत, दुकाने लागत, उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग, जिलेबीची कढई, रात्रीच्या दंडारीच्या खेळासाठी मांडव. त्या वर्षी दुपारी कामठ्याच्या पोरांशी आट्यापाट्यांचा सामना ठरला होता. पंच म्हणून कामठ्यात राहणारे एक निवृत्त जमादार आले होते. ते उत्तरेकडचे, हिंदी बोलणारे आणि नियमाचे कडक. सामन्याच्या ऐन वेळी आमचा एक गडी हिवतापाने कुडकुडत गोधडीत पडला. मनिराम आमच्या अंगणात आला. आत चुलीवर आत्याबाई पाहुण्यांसाठी वडे तळत होती.

"केवळ्या, चाल. आज तू पक्का."

"अन् आत्याबाईले?"

"तिले कायले सांगाचं? ते वडे तळून राहिली ना? चाल लवकर, तिकडं पोट्टे वाट पाहून राहिले."

मी गेलो. चाललो की धावलो ते आठवत नाही. आजवर अनेक निकाल माझ्या अशिलांच्या बाजूने लागले. त्यांतल्या एकाही वेळी मला त्या अंगणातून बाहेर पडताना वाटले तसे वाटलेले नाही.

पहिला डाव कामठ्याने आमच्या पाट्यांतून काढला आणि एक लोण नेले. दुसऱ्या डावात आम्ही आत शिरलो. त्यांचा सूर म्हणजे सूरपाटीवरचा गडी चपळ होता. आमची पोरे एकामागून एक मरून बांधावर बसू लागली. मनिराम स्वतः तिसऱ्या पाटीवर अडकला, शिवला गेला आणि शिव्या देत ओळीत जाऊन बसला. शेवटी मी आणि सुकलू दोघेच राहिलो. सुकलूने सुराला आपल्यामागे ओढून नेले आणि तोही गेला. मी शेवटची पाटी ओलांडून वळलो होतो.

येथे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. त्या वळणापासून पुढे प्रत्येक पाटीवरचा गडी माझ्यावर डोळे रोखून होता. मला कोणी वाट देत नव्हते. एक हात माझ्या कमरेवरून गेला, मी वाकलो. एकाने दोन्ही हात पसरले, मी डावीकडे झुकलो आणि उजवीकडून निसटलो. इतकी वर्षे न शिवता धावल्यामुळे माझे पाय कसे पडत होते ते मलाच माहीत नव्हते. ते चांगले पडत होते. गाव ओरडत होते आणि त्या ओरडण्यात माझे नाव होते. शेवटी उरली कपाळपाटी, म्हणजे अगदी पहिली पाटी. तिच्यावर कामठ्याचा उंच, हाडकुळा गडी उभा होता. मी उजवीकडे हूल दिली, तो फसला नाही. मी डावीकडे गेलो, तो आधीच तेथे होता. त्याचा हात निघाला. तो हात मला लागणार हे त्याला कळले आणि मलाही कळले.

त्याच क्षणी बांधावरून मनिरामचा आवाज आला, "शिवू नोको त्याले! नवसाचा हाय!"

हात थांबला. देवीच्या नावाने बोललेल्या पोराला हात लावावा की नाही, याचा विचार करायला त्या गड्याला जेवढा वेळ लागला तेवढ्यात माझे पाय पाटीपार गेले होते. मी "लोण!" म्हणून ओरडलो. पोरांनी मला खांद्यावर घेतले. म्हणजे घेत होते, तोच जमादारसाहेबांनी शिटी फुंकली.

कामठ्याच्या पोरांनी गिल्ला केला होता. जमादारांनी दोन्ही पक्षांचे ऐकून घेतले आणि मनिरामला विचारले, "ये लडका पक्का है कि कच्चा?"

"पक्का, साहेब."

"तो फिर चिल्लाया क्यों?"

तेवढ्यात कोणीतरी आत्याबाईला घेऊन आले. तिच्या हातांना वड्यांचे पीठ तसेच होते. जमादारांनी तिला आदराने, पण सर्वांना ऐकू जाईल असे विचारले, "बाई, सीधा बताओ. इस खेल में आपका लडका मर सकता है? हां बोलो तो इसका लोण गिनता हूं. ना बोलो तो नहीं."

सगळे गाव तिच्याकडे पाहू लागले. तिने "हो" म्हटले असते तर डाव बरोबरीत आला असता, आणि मी पक्का झालो असतो. मी तिच्याकडे पाहिले. डोळ्यांनी जेवढे मागता येते तेवढे मागितले. ती माझ्याकडे पाहत होती, जेवताना पाही तशीच.

"नाही," ती म्हणाली.

"सोच लो, बाई."

"त्यात का सोचाचं? माह्या तोंडून नाही निघाचं ते. तुमचं लोण तुमच्यापाशी ठेवा."

लोण मोजले गेले नाही. आमचे गाव त्या एका लोणाने हरले. कोणी मला मारले नाही, शिवी दिली नाही. पोरे राख झटकीत मंडईच्या गर्दीत पांगली. मी मनिरामच्या मागे गेलो.

"मी हारलो काय, मनिराम?"

"तू कायले हारशीन? तू खेळलाच कोठी? जा घरी, आत्या वाट पाहून राहिली."

घरी तिने ताटात वडे वाढून ठेवले होते. मी हात लावला नाही.

"जेव."

"तू काऊन नाही म्हटलं?"

"लोण का पोटात घालाचं हाय? जेव मुकाट्यानं." थोड्या वेळाने ती अगदी हळू म्हणाली, "मी ज्याच्याज्याच्यासाठी हो म्हटलं ना, ते सारे गेले, बापा." मग ती ताट तसेच ठेवून चुलीकडे गेली. त्या वयात मला ते पुरेसे उत्तर वाटले नाही. आज वाटते. त्यामुळे साक्षीदार क्रमांक एकविरुद्ध माझी काही तक्रार नाही, हे स्पष्ट करतो.

त्यानंतर मला कोणी बोलावले नाही, आणि कच्चा म्हणून जाण्याची मला इच्छा उरली नाही. खेळाच्या वेळी मी पटवाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसू लागलो. लोक येत, आपले गाऱ्हाणे वेडेवाकडे सांगत आणि पटवारी ते सरळ करून लिही. मला ते काम आवडले. बांध्यांकडून येणाऱ्या आरोळ्या तेथे ऐकू येत, पण लिहिण्याकडे लक्ष दिले की कमी येत. माझ्या धंद्याचे मूळ तेथे आहे. वडिलांना सुटी मिळून नवस फेडला गेला तेव्हा माझ्या ओठांवर मिसरूड होती. गावजेवण आटोपल्यावर मी एकटाच बांधीकडे गेलो. मनिराम गोंदियाला गिरणीत लागला होता, सुकलू बापाबरोबर जंगलात गेला होता. नवी पोरे खेळत होती. त्यांनी मला पाहून अदबीने खेळ थांबवला, कोणाला बोलवायला आलो आहे असे वाटून. मी म्हणालो, "खेळा, खेळा," आणि परत फिरलो.

मनिराम मागल्या वर्षी माझ्यापुढे येऊन बसला होता. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या हद्दीच्या, वादाचा अर्ज हवा होता. केस पिकलेले, गुडघा धरलेला. मी त्याला "मनिरामजी" म्हटले, त्याने मला "केवळरामजी" म्हटले. मी अर्ज उत्तम लिहून दिला. तो वाचून दाखवताना माझ्या मनात सारखा एकच प्रश्न होता, आणि मी तो विचारला नाही. कारण समोर अशील असताना स्वतःचे गाऱ्हाणे काढणे आमच्या धंद्यात बसत नाही. तो अर्ज घेऊन गेला. माझी मुलगी नागपूरला दिली, पत्नी वारली, कचेरीची वेळ संपल्यावर मला घाई नसते. तो प्रश्न त्यामुळे अधिकच बळावला आहे.

सबब गैरअर्जदार मनिराम वल्द तुळाराम यांस विनंती, की त्या दुपारी तुमच्या तोंडून जे निघाले ते निव्वळ सवयीने निघाले, की गावाला लोण मिळावे म्हणून, की मला बाद होताना पाहवले नाही म्हणून, याचा खरा खुलासा करावा. लोण मोजण्याची मागणी अर्जदार याद्वारे मागे घेत आहे. पंचांचा निकाल नियमाला धरून होता. अर्जदाराची मागणी इतकीच आहे, की कामठ्याच्या गड्याचा हात कपाळपाटीवर त्याच्यापर्यंत पोहोचलाच असता, हे तुम्ही एकदा मान्य करावे, आणि अर्जदार त्या डावात इतर गड्यांप्रमाणेच बाद झाला होता असे त्यास सांगावे. उत्तर लेखी पाठवू नये, लेखी अर्जदार पुष्कळ वाचतो. समक्ष यावे आणि बाजूला बसून सांगावे. कचेरी सुटल्यावरही अर्जदार बराच वेळ जागेवरच असतो.